पोस्टमास्तरांनी मासळी सोडली

एकोणीसशे चोपन्न साली आमच्या पंचक्रोशीत माझ्याइतका संयमी माणूस दुसरा नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. आणि नम्र तर इतका, की नम्रतेची परीक्षा असती तर पहिला नंबर कुणाचा हे विचारायलाच नको! ही बढाई नव्हे. पुढचं ऐकल्यावर तुम्ही माझ्याविषयी भलतंच मत करून घ्याल, म्हणून चांगली बाजू अगोदर मांडून ठेवतो इतकंच.

मी तुळशीराम. अलिबागहून थळला जाताना वाटेत जे गाव लागतं, तिथला पोस्टमास्तर. नाव तुळशीराम असलं तरी आमचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण घरातली नावं बदलायचं त्यांच्या मनात आलं नाही. देव बदलला तरी शेजारी तेच आहेत, त्यांना हाक मारायला सोपं पडू दे, असं ते म्हणायचे.

गावात आमची मंडळी म्हणजे सगळी मिळून एकवीस घरं. नारळीच्या वाडीत एक कौलारू देऊळ. आम्ही ख्रिस्ती लोकही देऊळच म्हणतो. तिथले पाळक बाबाजी, शांत आणि मोजकं बोलणारे. देवळाचा कारभार पाच पंच बघायचे. त्यातले एक म्हातारे पंच लेकाकडे मुंबईला राहायला गेले आणि त्यांची जागा रिकामी झाली. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मंडळी हात वर करून नवा पंच निवडणार होती. ती जागा मला हवी होती. तुमच्यापासून काय लपवायचं, फार हवी होती. पंच झालं की पुढच्या बाकावर बसता येतं, आणि मागच्या बाकावरचे लोक आपल्या मानेकडे आदराने बघतात.

वाटेत आडवा होता अंबाजी कंपौंडर. सरकारी दवाखान्यात तो बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायचा, पण ऐट सिव्हिल सर्जनची. त्याची भक्ती फार आवाजी. बुधवारच्या प्रार्थनासभेत तो डोळे मिटून सुरू झाला, की घरी भात चढवून आलेल्या बायकांची चुळबुळ सुरू व्हायची. तो आमेन म्हणेपर्यंत भात करपलेला असायचा. तरी लोक म्हणायचे, माणूस देवाचा आहे. मला याचा फार राग यायचा. राग येणं वाईट, हे मला ठाऊक होतं, पण येणाऱ्याला काय करणार?

अशात लेंत आलं. लेंत म्हणजे ईस्टरच्या आधीचे आमचे उपासाचे चाळीस दिवस. त्याच्या आदल्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला. पैलवान तालमीत रोज घाम गाळतो, तशी सुभक्तीचीसुद्धा कसरत करावी लागते, नुसती गाणी म्हणून ती अंगी येत नाही, असं ते म्हणाले. जिच्यावर जीव आहे अशी एकच गोष्ट सोडा. पण कुणाला सांगू नका. सुतकी चेहरा करून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, हसतमुख राहा. जो सांगत सुटला त्याला त्याची मजुरी तिथल्या तिथे मिळाली, वर काही शिल्लक राहत नाही. हे बोलताना त्यांची नजर अंबाजीवर गेली, असं मला तरी दिसलं.

मी बाकावरच मांडी थोपटली. अंबाजीच्या पोटात तीळ भिजत नाही. तो सांगणार! आणि मी? मी ब्र काढणार नाही. मी गुपचूप तपश्चर्या करणार, आणि ईस्टरपर्यंत ती लोकांना आपोआप कळणार. कुणाला सांगायचं नाही, पण कळलं मात्र पाहिजे, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

सोडायचं काय, हा प्रश्नच नव्हता. मासळी! आमच्या किनाऱ्यावर मासळी सोडणं म्हणजे काय, ते घाटावरच्या माणसाला कळायचं नाही. माझं पोस्ट माझ्या घराच्याच पुढच्या पडवीत होतं. रोज सकाळी टपालाची थैली यायच्या आधी ठमाबाई कोळीण पाटी घेऊन दारात यायची. तिची भवानी, म्हणजे दिवसातली पहिली विक्री, गेली अकरा वर्षं माझ्या हातची. मास्तरांच्या हातची भवानी झाली की पाटी दुपारच्या आत रिकामी होते, अशी तिची श्रद्धा. मीही मासळी बायकोला निवडू देत नसे. कल्ला उघडून, डोळा बघून मी स्वतः घ्यायचो.

लेंताच्या पहिल्या बुधवारी ठमाबाईने पाटी उतरवली आणि वरचं केळीचं पान बाजूला सारलं. पापलेटं होती. कशी होती ते मी सांगणार नाही, मला अजून त्रास होतो. मी डोक्याला चांगलं वाटीभर खोबरेल चोपडलं होतं, ते कानामागून ओघळत होतं. मी हसलो आणि म्हणालो, आज नको.

ठमाबाईने आधी पापलेटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा हसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, म्हावऱ्यात काही खोट आहे का? मी म्हटलं, छे. मग दुसरी कुणी येते का? मी म्हटलं, छे छे. आणि हसलो. खरं म्हणजे मी पोस्टात कधी हसत नसे. शिक्का मारणारा माणूस हसायला लागला तर लोकांचा सरकारवरचा विश्वास उडतो. पण पाळकसाहेबांनी सांगितलं होतं ना, हसतमुख राहा!

घरात मात्र आक्रीत घडलं. माझी बायको नीरा हिला प्रश्न विचारायची सवय. सवय कसली, व्यसन. मी टोपी खुंटीला लावेपर्यंत तिचे सात प्रश्न व्हायचे. रजिस्टर कुणाचं आलं? परत का गेलं? त्याच्या बायकोने सही केली की अंगठा? घरात आम्ही दोघंच, मुलगी लग्न होऊन पेणला, त्यामुळे सगळे प्रश्न माझ्याच वाट्याला. पहिल्या दिवशी पानात दुधीची भाजी बघून मी जय्यत तयारीत बसलो. मासळी का नाही घेतली, या प्रश्नाला मी चार उत्तरं तयार केली होती, चारही खोटी नाहीत आणि खरीही नाहीत अशी. नीराने भाजी वाढली, भात वाढला आणि गप्प बसली. दुसऱ्या दिवशी लाल माठ, तिसऱ्या दिवशी वालाचं बिरडं. प्रश्न एकही नाही.

मला धन्य वाटलं. मी मनात म्हटलं, बघा, तीन दिवस झाले नाहीत तोच माझ्या पावित्र्याचा परिणाम घरावर दिसायला लागला.

दिवस मोजायला मी एका रद्दी कागदावर रोज संध्याकाळी पोस्टाचा तारखेचा शिक्का मारायचो. चाळीस शिक्के झाले की सुटलो. कागद टेबलाच्या खणात, कुलूप लावून. पाचवा शिक्का मारताना मला वाटलं की पाच महिने झाले. सातव्या दिवशी कोळीवाड्यावरून वारा आला आणि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास नाकात शिरला. मी मनीऑर्डरच्या फॉर्मवर सही करायच्या जागी बोंबील असं लिहिलं.

इकडे ठमाबाईची भवानी मोडली होती. तिच्या मते त्यामुळे पाटी घरी परत यायला लागली होती. ती गप्प बसणारी नव्हती. आमच्या भागात माणूस मासळी सोडतो तो तीनच कारणांनी. एक तर डॉक्टरने बंद केली, नाही तर बाहेर कुठे जेवतो, नाही तर माळ घातली, म्हणजे माळकरी होऊन मांसमच्छी वर्ज्य केली. माझ्याबाबतीत तिने पहिल्यापासून सुरुवात केली आणि सरळ दवाखान्यात जाऊन अंबाजीला सांगितलं, की मास्तर आजारी हाय, पन सांगत न्हाय.

अंबाजी संध्याकाळी हजर. त्याने तपकीर सोडली होती आणि ती बातमी दोन दिवसांत एकवीस घरांत स्वतः पोचवली होती. त्याने माझी नाडी धरली, जीभ बाहेर काढायला लावली आणि मान हलवली. मी ठणठणीत आहे म्हणालो, तर म्हणाला, सुरुवातीला असंच वाटतं.

बुधवारच्या सभेत त्याने डोळे मिटले आणि आपला प्रिय बंधू तुळशीराम याच्या आतड्यांसाठी प्रार्थना केली. अर्धा तास! लहान आतडं, मोठं आतडं, मग यकृत. शेवटी म्हणाला, हे प्रभू, या दुबळ्या खांद्यांवर पंचपणाचा भार पडू नये, अशी तुझी इच्छा असेल तर तसं होवो. बायकांनी जोरात आमेन म्हटलं. घरी जाताना तिघींनी नीराला भाताची पेज कशी करायची ते सांगितलं. नीराने ऐकून घेतलं. मला एका शब्दाने विचारलं नाही, की तुमचं पोट बिघडलंय का हो?

आता मात्र मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. पोट बिघडलं नव्हतं, पण विचारायला काय हरकत होती?

मी आजारी नाही हे दाखवायला मी दुसऱ्या दिवसापासून सकाळी बंदरापर्यंत तुरुतुरू चालत जाऊ लागलो. डोक्याला तेल, तोंडावर हसू. झालं! आजार नाही म्हटल्यावर लोकांनी दुसरं कारण धरलं. सकाळी सकाळी तेल लावून, हसत हसत हा जातो कुठे? हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तोवर आठवडाभर सगळ्या बायका नीराकडे दयेने बघत होत्या, आणि नीरा माझ्याकडे बघत होती. ती तोंड उघडायची, मिटायची, आणि पाणी आणायला निघून जायची.

पंधरा दिवसांनी तिसरं कारण दारात आलं.

धर्माजीबुवा हे आमच्या गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख. सुपारीच्या वाडीत राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला देवमाणूस. ते पोस्टात आले आणि मला हात जोडून उभे राहिले.

"मास्तर, काही बोलू नका. सगळं कळलं," ते म्हणाले. "मासळी सोडलीत, रागावणं कमी झालं, तोंडावर हे असं तेज. आणि नाव तर बापजाद्यांनी आधीच ठेवलेलं."

त्यांनी रुमाल सोडून तुळशीची माळ काढली आणि माझ्या हातात ठेवली. घालायची घाई नाही, मनाची तयारी झाली की घाला, म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा माणसाला मी काय सांगणार? खरं सांगावं तर तपश्चर्या फुकट. नाही म्हणावं तर त्यांचं मन मोडतं. मी दोन्ही हातांत माळ धरून नुसता हसलो.

त्याच क्षणी अंबाजी पाकीट घ्यायला आला. त्याने माळ पाहिली, बुवांना पाहिलं, माझं हसू पाहिलं. पाकीट न घेताच तो वळला आणि देवळाच्या दिशेने जवळजवळ धावत सुटला. मी मागे पाहिलं तर आतल्या दारात नीरा उभी. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. डोळे मोठे झाले होते. ती तशीच आत गेली.

संध्याकाळी पाळकसाहेब आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुळशीराम, तुला मला काही सांगायचंय का?"

अगदी ओठावर आलं होतं. पण मी विचार केला, ज्यांनी सांगू नका म्हणून सांगितलं त्यांनाच कसं सांगायचं? ही परीक्षा असेल! मी म्हटलं, नाही पाळकसाहेब, काही नाही. आणि हसलो. त्यांनी उसासा टाकला आणि उठून गेले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. देवळात माझ्या बाकावर मी एकटा. लेंताच्या आधी ज्यांनी मला पंच हो म्हणून आग्रह केला होता, ते सलाम करून झटकन पुढे जायचे. एका म्हातारीने तर, तुझे आजोबा वर काय म्हणत असतील रे, म्हणून डोळ्याला पदर लावला. एक शब्द बोललो असतो तर सगळं मिटलं असतं, आणि तो एक शब्दच बोलायचा नव्हता. पण खरं सांगू? या सगळ्यांपेक्षा मला घरातली शांतता सोसेना. नीराने मला भांडून विचारावं, ओरडून विचारावं, असं वाटायचं. अठ्ठावीस वर्षं मी तिच्या प्रश्नांना वैतागलो होतो, आणि आता जेवताना मला त्यांची आठवण येऊन घास गिळवत नव्हता. एकदा मीच म्हणालो, आज थळचं एक रजिस्टर आलं होतं. ती हं म्हणाली. फक्त हं.

तरी मी शिक्के मारत राहिलो. एकोणचाळीस झाले. चाळिसावा दिवस नेमका झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, येत होता. त्या दिवशी आम्ही नारळाच्या झावळ्या घेऊन गात गात देवळाला प्रदक्षिणा घालतो, आणि मग अंगणात सगळ्या मंडळीचं प्रीतिभोजन असतं. मी हिशेब केला. एक जेवण! एवढं एक जेवण काढलं की संध्याकाळी शेवटचा शिक्का, सोमवारी सकाळी ठमाबाईची भवानी, आणि भर रस्त्यात पापलेट हातात घेऊन घरी. लोकांच्या शंका जागच्या जागी फिटतील. पंचाची जागा अजून हातची गेली नव्हती.

पण जेवणाची व्यवस्था अंबाजीने मागून घेतली होती. त्याने ठमाबाईकडून हातभर लांब सुरमई आणवली आणि मला पाळकसाहेबांच्या समोर बसवलं. ठमाबाईही मासळी पोचवून गेली नाही, नारळाला टेकून उभी राहिली. तिला बघायचं होतं मास्तर खातो की न्हाय. पंगत बसली. समोरच्या ओळीत नीरा होती.

अंबाजी उभा राहिला. "पाळकसाहेब, मंडळीच्या मनात एक शंका आहे," तो म्हणाला. "तुमच्या हाताने तुळशीरामला एक तुकडी वाढा. म्हणजे तो आपला आहे की नाही ते कळेल."

पाळकसाहेबांना हे आवडलेलं दिसलं नाही, पण ते उठले आणि त्यांनी माझ्या पत्रावळीवर सुरमईची तुकडी ठेवली. मधली. तळलेली. कडा कुरकुरीत. तिचा वास आला आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. खावी तर चाळीस दिवस मातीत. न खावी तर मी माळकरी ठरलो, पंचपण गेलं. समोर नीरा शांतपणे काटा काढून सुरमई खात होती.

"खा की," अंबाजी म्हणाला. "का माळ गळा आवळते?"

आणि माझा संयम सुटला. मी पत्रावळीवर हात आपटला, आमटीचा शिंतोडा अंबाजीच्या इस्तरीच्या सदऱ्यावर उडाला, आणि मी उभा राहून ओरडलो:

"मी उपास करतोय! चाळीस दिवस! मासळी सोडलीय मी लेंतात! आणि हे मी कुणालाही सांगितलेलं नाही!"

शेवटचं वाक्य मी इतक्या मोठ्याने म्हणालो, की नारळावरचे कावळे उडाले. मग माझ्या लक्षात आलं, की आता सगळ्यांना सांगून झालं आहे.

पाळकसाहेब खाली बसले. चष्मा काढून त्यांनी पुसला. म्हणाले, "तुळशीराम, लेंतात रविवार मोजत नाहीत रे. रविवार हा सणाचा दिवस. आजची तुकडी तू खुशाल खायचीस. मागचे पाचही रविवार खायचीस."

मी उभाच.

"आणि रविवार धरून मोजले असशील, तर तुझे चाळीस झालेले नाहीत. सहा उरलेत."

पंगत फुटली! माणसं पोट धरून हसली. आजोबांची आठवण काढणारी ती म्हातारी तर ठसका लागून लवंडली. एवढ्यात मोठी शिंक आली. वळून बघतो तर अंबाजी. सदऱ्यावरची आमटी पुसताना गोंधळून त्याने सवयीने कनवटीची डबी काढून चिमूट नाकाला लावली होती. तपकीर सोडलेल्या माणसाच्या कनवटीला भरलेली डबी कशी, हे त्याला कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

सगळ्यात शेवटी ठमाबाई पुढे आली. तिचा चेहरा उजळला होता.

"म्हंजे माझ्या म्हावऱ्यात खोट न्हवती," ती म्हणाली. "अवं मास्तर, आमी पन सोमवारी म्हावरा खात न्हाय. पन सांगून खात न्हाय. सांगितलं न्हाय तर वाढनारीनं वलखायचं कसं?"

मी बसलो, आणि तुकडी खायला हात घातला, तर ती मघाच्या हात आपटण्यात कुठे उडाली ती उडाली. दुसरी मागायचं धैर्य झालं नाही.

उरलेले सहा दिवस मी उपास केला तो भर बाजारात. जो तो विचारायचा, मास्तर, किती राहिले? शाळेतली पोरं रस्त्यातून बोटं दाखवून मोजायची. मी धर्माजीबुवांकडे जाऊन माळ परत दिली आणि माफी मागितली. ते हसले. म्हणाले, "माफी कसली? आमच्या मंडळातले निम्मे चार दिवसांत फुटतात. तुम्ही एवढे दिवस काढलेत. ते काही खोटं नव्हतं." त्या आठवड्यात मला भेटलेलं हे एकच चांगलं वाक्य.

नीरा अजूनही गप्प होती. आता तर तिला सगळं कळलं होतं, तरी गप्प. मी मनात म्हटलं, हिचं मन कायमचं उडालं.

ईस्टरची सकाळ उजाडली. उपासना झाली, घंटा वाजली, लोक पायऱ्यांवर एकमेकांना सलाम करत होते. मी आणि नीरा शेवटची पायरी उतरलो, आणि नीराने माझी बाही धरली.

"ती माळ कुणाची होती? तुमच्या हातात कशी आली? आठ दिवसांत खोबरेलची बाटली संपते कशी? पोटाला खरंच काही झालं होतं का? बंदरावर रोज कशाला जात होता? झोपेत तळलेली, तळलेली म्हणून का ओरडत होता? पाळकसाहेब आले तेव्हाच का नाही सांगितलंत? आणि तुम्ही मासळी सोडलीत ती सोडलीत, पण मी काय पाप केलं होतं? मला का नाही आणलीत?"

श्वास न घेता! अंगणातले सगळे लोक जागच्या जागी थांबले. मी तोंड उघडं ठेवून ऐकत होतो. कानाला इतकं गोड आयुष्यात काही लागलं नव्हतं. मला रडूच आलं, आता सांगायला हरकत नाही.

पाळकसाहेब पायरीवरून म्हणाले, "नीराबाई, हे सगळं चाळीस दिवस पोटात होतं?"

नीराने मान खाली घातली. "सोडलं होतं, पाळकसाहेब."

"काय?"

"यांना प्रश्न विचारणं."

मी म्हणालो, "अगं, मग रविवारी तरी विचारायचंस! रविवार मोजत नाहीत, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं," नीरा म्हणाली. "पण रविवारी सुरू केलं असतं तर सोमवारी थांबता आलं नसतं."

पाळकसाहेबांनी नीराबाईंपुढे आपली टोपी काढून पुन्हा घातली.

सोमवारी सभा भरली. नाव कुणी सुचवलं ते आठवत नाही, पण दुसरं नाव आलंच नाही. अंबाजीने हरकत घेतली, की बाईमाणसाला पंच करता येतं का? पाळकसाहेबांनी नियमांची वही काढून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. कुठेही मनाई नव्हती. लिहिणाऱ्यांना ते सुचलंच नव्हतं. मग हात वर झाले. माझाही झाला. आधी जरा अर्धवट, मग पूर्ण.

पंचांची पहिली बैठक दोन तास चालली. मी दारातच उभा होतो. नीरा चपला काढते न काढते तोच मी विचारलं, काय झालं? एवढा वेळ का लागला? माझं नाव निघालं का? अंबाजीविषयी काय ठरलं? पाळकसाहेब काय म्हणाले? त्यावर तू काय म्हणालीस?

तिने पदर खोचला, ताट मांडलं, ताटात तळलेल्या मांदेल्या वाढल्या आणि म्हणाली, "पंचांच्या बैठकीतलं बाहेर सांगायचं नसतं."

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. ती अजून पंच आहे, आणि मला अजून काहीही कळलेलं नाही.